राहून गेलेली चूक

शेवटची पिवळी रेघ ओढून लिअँड्रा अटाकाई शिडीवरून उतरली, चार पावलं मागे सरकली आणि गावच्या सभागृहाची भिंत बघताच तिच्या लक्षात आलं. चूक करायची राहून गेली होती.

आपल्या लोकांत ही साधी गोष्ट आहे. आजारी माणसासाठी गाणारा जाणता माणूस जमिनीवर रंगीत वाळूने देवांचं चित्र काढतो. ते बरोबरच असावं लागतं आणि विधी संपला की पुसावंही लागतं. तसंच्या तसं कायमचं कुठे ठेवलं, तर बघणाऱ्याला बाधतं आणि काढणाऱ्याला तर बाधतंच. म्हणून विकायला किंवा भिंतीवर काढणारे सगळे मुद्दाम एखादी चूक करून ठेवतात. इथला रंग तिथे, एखादं पीस कमी. हे शेंबडं पोरसुद्धा जाणतं. लिअँड्रा तर पंधरा वर्षं चित्रं काढतेय, सांता फेच्या बाजारात तिच्या चित्रांपुढे माणसं थांबतात. उजवीकडच्या दोघा देवांचे रंग अदलाबदल करायचे, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. मग हात चालायला लागला, सातव्या वर्षी आजोबांनी तिच्या तापासाठी काढलेलं चित्र डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि बाईसाहेब रंगल्या. तीन आठवडे अशा रंगल्या, की अक्कल कुठे ठेवली तेच कळलं नाही.

आणि उद्या दुपारी गावजेवण. दोन मेंढ्या कापायच्या, सगळं गाव त्या भिंतीसमोर बसून जेवणार.

तेवढ्यात डेस्बा आजी आली. आजोबांच्या कुळातली, ऐंशीच्या पुढची. सभागृहातून सरपण वाटतात, त्याच्या यादीत नाव घालायला आली होती, ती दारातच थबकली.

"हे तुझ्या आजोबांचं आहे," आजी म्हणाली.

"हो आजी, म्हणजे आठवलं तसं काढलं. बस ना, कॉफी ठेवलीय."

"कॉफी राहू दे." आजीने तोंड फिरवलं. "माझी नातसून पोटुशी आहे. उद्या आम्ही कुणी येत नाही."

यादीत नाव न घालताच ती निघून गेली. लिअँड्रा ब्रश धुवायला बसली तर उजव्या हाताची तीन बोटं बधिर. धुतली, चोळली, चिमटा काढला, कशाचा पत्ता नाही. तिचं तोंडचं पाणी पळालं. ज्या हाताचं खातो तोच गेला, तर पुढे काय करायचं? शिवाय त्या न जन्मलेल्या पोराला काही झालं, तर हे तोंड कुणाला दाखवायचं? तिने गाडी काढली आणि चाळीस मैलांवर मामाकडे गेली.

विल्सन मामा म्हणजे तिच्या आईचा भाऊ, आजोबांचं सगळं गाणं शिकलेला. आपल्यात मामा म्हणजे भाच्यांची टवाळकी आलीच. मेंढवाड्याची तार पिळता पिळता त्यांनी मान वर केली.

"कोण, मोठ्या चित्रकार? वाट चुकलात वाटतं."

तिने सगळं सांगितलं. मामांचा हात तारेवरच थांबला. त्यावर त्यांनी टोमणा मारला नाही, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

"पुसून टाकू का, मामा?"

"काय काढलंस ते बघितल्याशिवाय मी काही बोलत नाही. सकाळी येतो."

"आत्ताच चला ना."

"आणि मेंढ्या आत कोण घेईल, तुझा ब्रश?"

सकाळी तिने चित्रावर फिरवायला पांढऱ्या रंगाची बादली उघडूनच ठेवली. मामा आले, दारातून डावीकडे वळून सूर्याच्या चालीने अख्खं सभागृह फिरले आणि भिंतीसमोर घडीची खुर्ची टाकून बसले. कॉफी मागितली. साखर कमी आहे म्हणाले. बाहेर बायका मेंढी सोलत होत्या. मामांनी काठी उचलून हवेत काहीतरी मोजलं, परत मोजलं.

"तुला ताप आला तेव्हा बाबांनी तुला कुठे बसवलं होतं?" मामांनी विचारलं.

"चित्रावर. मधोमध. पेशंटला बसवतात तसं."

"तोंड कुणीकडे?"

"दाराकडे. पूर्वेला."

"मान वळवलीस?"

"आजोबांनी सांगितलं होतं, हलायचं नाही."

"मग तुझ्या पाठीमागे काय होतं, ते कुणाला विचारून काढलंस?"

लिअँड्राने भिंतीकडे बघितलं. मागची बाजू, म्हणजे भिंतीवर खाली आलेली. खालचे ते दोन देव, त्यांच्या हातातला मका, त्याभोवतीचे निळे पक्षी. ते तिला इतकं स्वच्छ आठवत होतं, की कधी बघितलं होतं का, असा प्रश्नच पडला नव्हता.

"पक्षी नव्हते?" तिने हळूच विचारलं.

"पक्षी," मामा म्हणाले, आणि त्यांचं पोट गदगदा हलायला लागलं. "चाळीस वर्षं मी हे चित्र काढतोय, पोरी. पक्षी. आणि ते तरी कसले, कोंबड्यांसारखे." हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "पुढचं बाबांचं आहे. मागचं सगळं तू पदरचं घातलंयस. पुढच्यातही दोन ठिकाणी चुकलीस."

"कुठे?"

"ते नाही सांगणार. सांगितलं तर सरळ करशील. ओळखतो मी तुला."

लिअँड्राचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच फरशीवर बसली आणि रडली, आणि रडतानाच तिला रागही आला. सांता फेला जिच्या अचूक हाताची एवढी वाहवा होते, तिच्या इतक्या ठिकाणी चुका, म्हणजे काय.

"आणि माझी बोटं?"

"तीन आठवडे हात वर करून शिडीवर उभी राहिलीस. आणखी काय होणार त्यांचं? दोन दिवस काही करू नकोस." तरी मामांनी पिशवीतून मक्याचे पवित्र पराग काढले, चिमूटभर तिच्या बोटांवर ठेवले आणि बराच वेळ पुटपुटत राहिले. मग म्हणाले, "त्या म्हातारीला फोन लाव. मी बोलतो."

दुपारी डेस्बा आजी आली, अख्खं घर घेऊन. पोटुशी नातसून बरोब्बर चित्राखालीच बसली, मटणाचं कालवण आणि तळलेली भाकरी घेऊन. आजी आधी लांबूनच बघत होती. मग हळूहळू जवळ आली आणि खालच्या निळ्या पक्ष्यांसमोर उभी राहिली.

"हे तुझ्या आजोबांचं नाही," ती म्हणाली.

"नाही, आजी. ते माझं आहे."

आजीने आणखी थोडा वेळ बघितलं. "ह्या कोंबड्या छान आहेत," ती म्हणाली आणि नातसुनेशेजारी जेवायला बसली.

मामांनी निघताना तिचे सगळे ब्रश पिकअपमध्ये टाकले आणि दोन दिवसांनी घेऊन जायला सांगितलं. गाडी वळणापलीकडे जाईपर्यंत लिअँड्रा दारात उभी राहिली. मग आत येऊन तिने पांढऱ्या रंगाच्या बादलीवर झाकण ठेवलं आणि उजव्या हाताच्या मुठीने ठोकून घट्ट बसवलं.