गेटपासवाले शुद्ध

अथर्व इथल्या कंपनीत इंजिनियर आहे, हे तो स्वतःच दिवसातून चारदा सांगतो. अक्कल मात्र कुठं गहाण ठेवलीय ते सांगत नाय. सोमवारी सकाळी हा माणूस गडब गावातल्या माझ्या मोबाईलच्या दुकानात आला, शटर अर्धं खाली ओढलं आणि रडायला लागला.

शनिवारी रोह्याकडच्या एका फार्महाऊसवर त्याच्या ग्रुपची पार्टी झाली होती. सगळे आमच्यासारखेच, पुरुषांवर जीव जडवणारे आणि घरी चोरून वागणारे. मुंबईहून पावडर आली, एकच सुई सगळ्यांत फिरली, आणि त्या नशेत निरोध कुणाला आठवतोय! ज्याच्यासोबत हा झोपला तो काल म्हणाला, मी कधी तपासणीच केलेली नाय. अथर्वचा विश्वासच बसेना. म्हणे, आम्ही कंपनीचा गेटपास बघूनच माणूस ग्रुपात घेतो, कंपनी मेडिकल करते ना! काय बोलायचं याला? कंपनी डोळे बघते, बीपी बघते, उंचावर चढल्यावर चक्कर येते का ते बघते. त्यात एचआयव्ही कुठून कळणार?

आणि याच नाकानं कांदे सोलणाऱ्यांनी गेल्या वर्षी मला ग्रुपातून हाकललं होतं. मी आपण होऊन सांगितलं होतं, मला एचआयव्ही आहे, रोज गोळी घेतो, आता रक्तात विषाणू सापडतही नाय, डॉक्टर म्हणतात माझ्यापासून कुणाला लागण होत नाय. तर खरं बोलणारा मी, फुरकान, घाण आणि गेटपासवाले शुद्ध. वा रे शहाणे.

बहात्तर तासांच्या आत औषध सुरू केलं तर लागण टळू शकते, हे मी त्याला सांगितलं. साहेबांना माझ्याच डबीतल्या गोळ्या हव्या होत्या. दवाखान्यात जायचं नाय, पेणमध्ये सुहासिनी बाईंचा मुलगा म्हणून सगळे ओळखतात, आईला कळलं तर ती मरेल, वगैरे. तू मेलास तर ती पेढे वाटणार आहे का, असं विचारलं आणि त्याला बाईकवर बसवून अलिबागला सरकारी दवाखान्यात नेलं. वाटेत वडखळला त्याला चहा हवा होता. थांबलो नाय.

तिथल्या नर्सबाईंनी विचारलं, औषध कुणासाठी हवंय. अथर्वनं खुशाल माझ्याकडे बोट केलं.

"याच्यासाठी. मी नुसता सोबत आलोय."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. याला इथंच टाकून निघून जावं असं वाटलं. पण गेलो असतो तर तो उद्याही आला नसता, आणि परवा येऊन उपयोग नव्हता.

"मला एचआयव्ही आहे, माझं औषध कधीच सुरू झालंय," मी बाईंना म्हणालो. "सुई यानं घेतलीय. परवा."

अथर्वचा चेहरा पांढराफटक पडला. दार उघडंच होतं. त्यानं दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसला. रक्त घेतलं, डॉक्टरांनी पहिली गोळी समोरच घ्यायला लावली. गिळताना त्यानं माझा हात घट्ट धरला. मला त्याची किळस येत होती. हात मी सोडवून घेतला नाय.