दिवाणखान्यातली वटपौर्णिमा

मित्रांनो, मी सांगतो ते तुमच्यापैकी एकालाही पटणार नाही, आणि नाही पटले तरी मी सांगणारच. मी एक जुना रबरवृक्ष आहे. कुंडीत असलो म्हणून हसू नका. अंबरनाथच्या या ऑफिसर क्वार्टरचे छप्पर माझ्याच डोक्यावर उभे आहे; मी जरा वाकलो तर कौले खाली येतील. समोर बसलेली उमा याच घरची मुलगी. तिने आत्ताच तोंड वाकडे केले. करू दे. तिचे वडील दिनानाथराव आत पेपर वाचताहेत, ते काही मध्ये बोलणार नाहीत.

माझा जन्म उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमध्ये, तुपाच्या रिकाम्या डब्यात झाला. सिंधहून उठून आलेल्या एका म्हाताऱ्याने मला खिडकीच्या उजेडात वाढवले. वरची माती सुकली की मगच पाणी. पानांवर धूळ बसली की ओला फडका. वर्षातून एकदा तो माझा शेंडा खुडी. मी चिडे, पण मग बाजूंनी फांद्या फुटत आणि मी कसा भरगच्च दिसे! दिनानाथराव मला न्यायला आले तेव्हा म्हातारा म्हणाला, "साहेब, इसको एकच जागा द्या. घर बदलना क्या होता है, ते मला विचारा."

साहेबांनी मान डोलावली आणि घरी पोचेपर्यंत विसरले. उमाच्या आईने, कुमुदिनीबाईंनी, मला दिवाणखान्यात रेडिओशेजारी अंधाऱ्या कोपऱ्यात उभे केले. पाहुण्यांसमोर पाने चकाकावीत म्हणून त्यांना खोबरेल चोळले. तुमच्या नाकपुड्यांत कोणी तेलाचे बोळे कोंबले तर कसे वाटेल? तरी पाहुणे वाहवा करत होते.

मग आली वटपौर्णिमा. खरा वड ओढ्यापलीकडे, आणि ओढा भरलेला. शेजारच्या वेणूबाईंनी माझे एक पान तोडले, पांढरा चीक बोटावर घेतला आणि निकाल दिला, "वडाचाच चुलतभाऊ हा. चला, यालाच गुंडाळू."

क्वार्टरांतल्या झाडून साऱ्या बायका आल्या. एकेकीने तांब्या रिता केला, एकेकीने दोरा गुंडाळला. वडाला हे चालते. त्याच्या मुळांखाली अख्खी जमीन असते. माझ्या मुळांखाली एक ताटली होती! मुळे कुजली, दोरे बुंध्यात रुतले, पाने पिवळी पडून गळू लागली. नेमके तेव्हाच दिनानाथराव तापाने अंथरुणाला खिळले.

व्रताचे झाड वाळणे धन्याला बरे नव्हे, असे वेणूबाई बोलून गेल्या. झाले. घाबरलेल्या कुमुदिनीबाई मला आणखी पाणी घालू लागल्या. आज देवघरात, उद्या दारात, परवा आजाऱ्याच्या उशाशी. दर हलवण्याला माझी चार पाने गळत, आणि ती पाहून त्या पुन्हा तांब्या उचलत. दोरा कापावा, तर तो नवऱ्याच्या आयुष्याचा. त्याला कात्री कोण लावणार? माझा जीव चालला होता, मित्रांनो, आणि मला वाचवायच्या नावाखाली मला बुडवत होते!

म्हणून बजावतो. झाडाची पूजा मागाहून करा, आधी मातीत बोट घालून पाहा. ओली लागली तर तांब्या खाली ठेवा. उजेडाची एक जागा द्या आणि मग त्याला हलवू नका.

पण शेवटी मी काय केले, ते ऐका. मी रागाने छाती फुगवली, तसे सारे दोरे तटातट तुटले. कुंडीतून मुळे वर काढली, साचलेले पाणी झटकले आणि माझ्या पायांनी चालत या पूर्वेच्या खिडकीत येऊन उभा राहिलो. कोणाचा हात लागला नाही. माझ्यावर कोणाचे उपकार नाहीत.

"खोटं," उमा म्हणाली. "दोरे आईने कापले. बाबांचा ताप उतरला नव्हता, तरी कापले. मी पाहिलंय. मग तुला एकटीने ओढत खिडकीत आणलं आणि म्हणाली, आता दोघंही बरे व्हा."