माझ्या पोटातला एक शब्द

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून मला छापले, दोऱ्याने शिवले, जाड पुठ्ठ्यात बांधले. एका शिंप्याच्या बहिणीला मी शाळेत बक्षीस म्हणून मिळालो. तेव्हा माझा काय थाट होता! हात धुतल्याशिवाय मला कोणी शिवत नसे. पुढे ती सासरी गेली आणि शिंप्याच्या टेबलाचा एक पाय आखूड निघाला. जाडी नेमकी माझीच जुळली, म्हणून मला त्या पायाखाली सारले. एवढी विद्वत्ता असून शेवटी जाडीच कामाला आली.

शिंपी मनाने चांगला, पण उपदेशाचे डोस पाजायला बसला की थांबायचा नाही. टाका उसवला की लगेच घालावा, शब्द देताना कापडासारखा दोनदा मापावा, असे त्याचे रोज चालायचे. त्याची मुलगी एकदा वैतागून म्हणाली, "बाबा, पुरे तुमचं सर्मन." भोळ्या शिंप्याला ती शाबासकीच वाटली. लेक माझ्या बोलण्याला सर्मन म्हणते, असे तो गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगत सुटला. शेवटी एक गिऱ्हाईक हसले आणि त्याने अर्थ सांगितला : कंटाळवाणा उपदेश.

त्या दिवसापासून शिंप्याने तोंडाला कुलूप घातले. मुलीला तर नोकरीसाठी परगावी जायचे होते. बाप न बोलताच निरोप देणार, या विचाराने ती सारखी त्याच्या टेबलाभोवती घुटमळत राही. मीही खाली पडल्या पडल्या तळमळत होतो. त्या शब्दाची सगळी हकीकत माझ्या पोटात होती आणि मला कोणी विचारत नव्हते.

निघायच्या आदल्या सकाळी तिने मला ओढून काढले. टेबल कलंडले, कात्री खाली पडली. धूळ झटकून तिने तो शब्द शोधला आणि ती बापाजवळ जाऊन बसली.

"बाबा, हा शब्द मुळात लॅटिनमधला. तिथे त्याचा अर्थ होता गप्पा. दोघांनी मिळून मारलेल्या."

शिंप्याने हातातली सुई खाली ठेवली.

"मग मी एकटाच बोलत होतो की," तो म्हणाला. "आता तू बोल."

ती बोलली. नव्या गावाची भीती वाटते, हे तिने पहिल्यांदाच सांगितले. शिंप्याने उपदेश केलाच, सवय थोडीच जाते. पण मध्येमध्ये थांबून तिला काय वाटते तेही विचारले.

टेबलाला आता लाकडाचा ठोकळा मिळाला आहे आणि मी तिच्या बॅगेत बसून नव्या गावाला निघालो आहे. मित्रांनो, आम्हाला टेबलाखाली सारू नका. कोणाला शब्द फेकून मारण्याआधी आम्हाला एकदा उघडा. आणि मारलाच असेल, तर नंतर तरी उघडा.