सहावी पायरी

हस्मिक तेर्झियानने नियम केला तेव्हा तो कुणाच्या गळ्याशी येईल याचा विचार केला नव्हता. नियम करणाऱ्यांना तेवढी सवड नसतेच. त्यांना आधीच्या लोकांनी घातलेला गोंधळ निस्तरायचा असतो, आणि तो गोंधळ खरोखरच मोठा होता.

प्रयोगशाळेत नव्या यंत्रांसाठी नऊ पायऱ्यांची शिडी होती. कुणाच्या तरी डोक्यात आलेली, कागदावर उतरलेली कल्पना म्हणजे पहिली पायरी. दुसऱ्या ग्रहावर जाऊन काम करून दाखवलेलं यंत्र म्हणजे नववी. मधली सहावी सगळ्यात अवघड. तिथल्यासारखी थंडी, तिथल्यासारखी निर्वात पोकळी इथे पृथ्वीवर उभी करायची आणि त्यात यंत्र चालवून दाखवायचं. पूर्वी मोहिमांचे प्रमुख तिसऱ्या-चौथ्या पायरीवरची अर्धकच्ची यंत्रं हौसेने उचलायचे, मग ती शिजेपर्यंत अख्खी मोहीम तीन-तीन वर्षं ताटकळायची. पाच वर्षांपूर्वी नियोजनाचं काम हस्मिककडे आलं आणि तिने दोन ओळींत सगळं सरळ केलं. ठरल्या तारखेपर्यंत सहावी पायरी गाठली नाही तर मोहिमेत जागा नाही. आणि एकदा चाचण्या सुरू झाल्यावर यंत्र जोडण्याच्या लेखी कृतीत काही बदल केला तर ते दोन पायऱ्या खाली. ही दुसरी ओळ तिची लाडकी होती. आयत्या वेळी खुडबुड करणाऱ्यांना तिने चांगलाच चाप बसवला होता, आणि मोहिमा वेळेवर निघू लागल्या होत्या.

आता सप्टेंबरातल्या एका शुक्रवारी वेंडेल हेंडरशॉटचा डबा त्या शिडीसमोर यायचा होता.

हा वेंडेल म्हणजे तिचा गुरूच. एकवीस वर्षांपूर्वी त्यानेच तिला कामावर घेतलं, रेखाटन कसं वाचायचं इथपासून शिकवलं, आणि पहिल्या वर्षी तिने चाचणीत एक महागडी विजेची मोटार जाळली तेव्हा तो दोष स्वतःच्या नावावर घेतला. आता तो सदुसष्टचा होता आणि डिसेंबरात निवृत्त होणार होता. त्याच्या आयुष्याची अकरा वर्षं पावाएवढ्या एका डब्यात गेली होती. डब्यात गिअर होते, आणि ते बर्फाळ चंद्रावर उतरणाऱ्या यानाचा खोदणारा हात हलवणार होते. तिथे थंडी शून्याखाली एकशे ऐंशी अंश. साधं ग्रीस तिथे दगड होतं, म्हणून जुन्या डब्यांना शेगडी लावावी लागते, आणि अर्धी बॅटरी हात हलवण्याऐवजी हात शेकण्यात जाते. वेंडेलच्या डब्याला ग्रीसही नको होतं, शेगडीही नको होती. त्याच्या दात्यांवर कोरड्या वंगणाचा पातळ लेप होता. हा डबा गेला तर खोदकाम वीस दिवस जास्त चालणार होतं. नाही गेला, तर पुढची तशी मोहीम चौदा वर्षांनी.

सोमवारी हस्मिक चाचण्यांचे अहवाल घेऊन बसली. बारा डबे, बाराच्या बारा पास. तिला आनंद व्हायला हवा होता, पण तिच्या कपाळाला आठी पडली. बारातला एखादा तरी नाठाळ निघतोच. ती पानं उलटत गेली, आणि जोडणी करणाऱ्याच्या रकान्यात तिला बारा वेळा एकच सही दिसली. रेफुहियो बार्रागान. सगळी प्रयोगशाळा त्याला कूको म्हणायची.

मंगळवारी ती खाली कार्यशाळेत गेली. कूको एकसष्टचा, बुटका, आणि त्याच्या कपाळावर भिंग कायमचं चिकटलेलं. कोरडा वायू भरलेल्या काचेच्या पेटीत तो दोन्ही हात कोपरापर्यंत घालून बसला होता आणि तेरावा डबा हाताने फिरवत होता. दात एकमेकांवर बसावेत म्हणून नवा डबा आधी मोकळा फिरवतात. जोडणीच्या कृतीच्या कागदावर लिहिलं होतं, मोटार लावून अर्धा तास. कूकोने मोटार लावलीच नव्हती.

अर्धा तास होत आला का, असं तिने सहज विचारलं.

"कागदाचा अर्धा तास काल सकाळीच झाला, मीहा," कूको म्हणाला. वयाने लहान असलेल्या सगळ्याच बायका त्याच्यासाठी मीहा, म्हणजे लेकी होत्या, मग ती नियोजनप्रमुख का असेना. "हा डब्याचा अर्धा तास चाललाय."

मग त्याने तिला हातमोजे घालायला लावले आणि दांडी तिच्या हाती दिली. चाळीस फेरे पुढे, चाळीस मागे. तिच्या बोटांना बारीक रेती लागल्यासारखं वाटलं. ती रेती म्हणजे लेपाचा सुटा भुगा, कूकोने सांगितलं. तो पुसून काढायचा, परत फिरवायचं, परत पुसायचं. पुसला नाही तर थंडीत तो दातांच्या फटीत गोळा होतो आणि डबा अडकतो. हाताला रेती लागायची थांबली की डबा झाला. कधी दोन दिवस लागतात, कधी तीन.

"हे कुठे लिहिलंय, कूको?"

"कुठेच नाही."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

"वेंडेलला सांगितलं की, तीन वर्षं झाली. तो म्हणाला, तारीख होऊन जाऊ दे." कूकोने पुसलेला बोळा बाजूला ठेवला. "लिहिलं असतं तर पाचवीवरून तिसरीवर आलो असतो ना. तुझाच नियम."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, आणि म्हणूनच ते तिला जास्त लागलं. खरे डबे कूको जोडणार नव्हता. ते दुसऱ्या राज्यातल्या एका कारखान्यात, कागद समोर ठेवून, अर्धा तास मोटार लावून जोडले जाणार होते. आणि सहा वर्षांच्या प्रवासानंतर, जिथे बोळा घेऊन कुणी जाऊ शकत नाही अशा जागी ते अडकणार होते.

त्याच दुपारी ती वेंडेलच्या खोलीत गेली. तो खिडकीशी टॅको खात होता. तिचा चेहरा पाहून त्याने टॅको खाली ठेवला. त्याने कानांवर हात ठेवले नाहीत, हे तिने नंतर मनात नोंदवून ठेवलं.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला. "लपवलं नाही मी. फक्त लिहिलं नाही."

"त्यात फरक काय, वेंडेल?"

"फरक तुझ्या नियमात आहे, पोरी. कुणी काही शिकला आणि त्याने ते लिहून ठेवलं, की तू त्याला दोन पायऱ्या खाली ढकलतेस. मग लिहील कोण? या इमारतीत किती जणांच्या टेबलाखाली असे बोळे आहेत, बघितलंस कधी?"

 तो पुढे बोलत राहिला. डबा चालतो हे तर खरं आहे ना. बारा वेळा चालला. कूकोला कारखान्यात पाठवू, तो चार माणसांना दाखवून येईल. कूकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन मार्चमध्ये आहे, हस्मिक म्हणाली, आणि कारखान्यात जोडणी सुरू व्हायला अजून दोन वर्षं आहेत, तेव्हा तो कामावर असेल याची खात्री काय?  वेंडेल टॅकोच्या कागदाची घडी घालत राहिला. इतकं थकलेलं तिने त्याला कधी पाहिलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस तिने स्वतःशी भांडण्यात घालवले. शुक्रवारच्या बैठकीत डब्याला सहा म्हणावं, आणि पुढे होईल ते होवो. सहा म्हटलं तर कुणी बोट दाखवणार नव्हतं, कागद सगळे चोख होते. वेंडेल मानाने घरी गेला असता. डबा आठ-नऊ वर्षांनी अडकला असता तेव्हा तो पंचाहत्तर-शहात्तरचा असता, किंवा नसताही. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःची शिसारी आली.

शुक्रवारी सकाळी लांबट टेबलाभोवती आठ माणसं बसली. वेंडेलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. एकेक जण सहा म्हणत गेला, कुणी कौतुकाचे चार शब्दही जोडले. आकडे उरकल्यावर सगळ्यांनी हस्मिककडे पाहिलं. शेवटचा शब्द तिचा असायचा.

"माझा आकडा पाच," ती म्हणाली.

मग तिने सांगितलं. बारा डबे एका माणसाच्या हातांनी चालले, कागदाने नाहीत. कारखान्यात कागद जाणार, हात जाणार नाहीत. आणि हे कागदावर आलं नाही याचा दोष जोडणाऱ्याचा नाही, वेंडेलचाही नाही. ज्या नियमाने शिकलेलं लिहून ठेवल्याची शिक्षा होते तो नियम मी केला, आणि पाच वर्षं त्याची शेखी मिरवली.  प्रयोगशाळेच्या संचालिकाबाईंनी पाण्याचा पेला पुढे सरकवला, तो तिने घेतला नाही.

 वेंडेलने कागद गोळा केले, टोपी उचलली आणि गेला. मोहिमेने शेगडीवाला जुना डबा घेतला. हस्मिक वाहनतळावर गाडीत बसून रडली, आणि शेजारच्या गाडीतल्या माणसाने सभ्यपणे दुसरीकडे पाहिलं.

पाच आठवडे ती नियमाच्या मागे लागली. नव्या मसुद्यातही दोनच ओळी होत्या. सापडलेला दोष किंवा सुचलेली सुधारणा लिहून ठेवली म्हणून कुणाची पायरी उतरणार नाही. आणि ज्याने यंत्र कधी जोडलेलं नाही अशा माणसाने, नुसत्या कागदावरून, एक जोडून दाखवल्याशिवाय सहावी पायरी मिळणार नाही. संचालिकाबाईंनी बरीच ओढाताण करून एकाच यंत्रावर करून बघायची परवानगी दिली. हस्मिकने वेंडेलचा डबा निवडला. पण जोडायला माणूस कोण? जो तो आपापल्या तारखेच्या मागे धावत होता. तिने चिठ्ठी लावली, निरोप पाठवले. कुणी आलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी ती कार्यशाळेत डोकावली तर काचेच्या पेटीत वेंडेलचे हात होते.

अकरा वर्षांत त्याने एकही डबा स्वतः जोडला नव्हता. रेखाटनं त्याची, गणितं त्याची, पण हातातल्या पान्याला तो पाहुणाच होता. त्याने हस्मिककडे मान वळवली नाही. कागद समोर ठेवून तो ओळ न् ओळ पाळत होता. कूकोला शेजारी बसायची मुभा होती, बोलायची नव्हती, आणि हे काम त्याला जोडणीपेक्षा जड जात होतं. तो संत्री सोलत बसला होता आणि वेंडेलने मोटार लावली तेव्हा छताकडे बघू लागला. अर्ध्या तासाने मोटार बंद झाली. डबा थंडीच्या कोठीत गेला.

पहिले दोन दिवस तो छान फिरला. तिसऱ्या दिवशी दुपारी मोटारीवरचा ताण दाखवणारा काटा चढू लागला, मोटार कण्हली, आणि डबा थांबला.

तिघेही कोठीसमोर उभे होते.  वेंडेलने नोंदीचा कागद ओढून पेन काढलं.

"वेंडेल, नव्या नियमाने पायरी उतरत नाही," हस्मिक घाईने म्हणाली. "नुसतं काय झालं तेवढं लिहा. आकडा पाचच राहील."

"नियमाचं नाही बोलत मी." सप्टेंबरनंतर तो पहिल्यांदा तिच्याशी बोलत होता. "कागद डोळ्यांसमोर होता तरी माझ्या हातून डबा चालला नाही. याला चार म्हणतात, मीच तुला शिकवलं होतं. तू पाच दिलास त्या दिवशी, त्यात एक पायरी माझ्या पांढऱ्या केसांची होती."

 खरंच होतं ते. तिने स्वतःलाही ते सांगितलं नव्हतं.

"मला त्या दिवशी राग त्याच पायरीचा आला होता," तो म्हणाला. "बाकी सगळं बरोबर बोललीस."

त्याने आपल्या हाताने चारचा आकडा लिहिला आणि खाली पूर्ण सही केली. निवृत्तीला आठ आठवडे राहिले होते. त्याने कोरा कागद घेतला, एक स्टूल कूकोच्या पुढ्यात ओढलं आणि त्यावर बसला.

"बोल आता. पहिल्यापासून."

"तीन वर्षांपूर्वी बोललो होतो," कूको म्हणाला.

"हो. तेव्हा मी ऐकलं नाही."

कूकोने संत्र्याची सालं गोळा करून टोपलीत टाकली. हस्मिककडे पाहिलं, मग वेंडेलच्या बोटांकडे.

"आधी हात धुऊन ये," तो म्हणाला. "मोजे चढवताना बोटांचं तेल त्यांना लागलं की लेप सुटतो. हेपण कागदात नाही."

वेंडेल हेंडरशॉटने एक क्रमांक घातला, त्यापुढे ते लिहिलं, आणि उठून हात धुवायला गेला.