स्मारांदाचा अमोनिया

दहावी नसेल तर मुख्य ऑपरेटर होता येणार नाही, असा आमच्या खत कारखान्यात फतवा निघाला आणि पस्तिसाव्या वर्षी मी शनिवार दुपारच्या वर्गात जाऊन बसलो. कारखान्याच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करणारी माझी बायको स्मारांदाही आली. "घरी एकटी बसून काय करू?" म्हणाली.

पाव्हेलेस्कू सरांनी मला फळ्यापाशी बोलावलं. "ऑक्टाव्हियान, नऊ वर्षं अमोनिया बनवतोयस. समीकरण जुळव बघू."

मी लिहिलं, N₂ + H₂ → NH₃. दोन्हीकडचे अणू काही जुळेनात. शेवटी अमोनिया खोडून N₂H₂ करून टाकलं.

"मोजणी बरोबर," सर म्हणाले, "पण हा माल आपल्याकडे होत नाही."

वर्ग हसला. स्मारांदा उठली. "खालच्या लहान आकड्याला हात लावायचा नाही ना, सर? ती पदार्थाची कृती. ताटं किती वाढायची, ते पुढे लिहायचं." तिने NH₃ परत लिहून त्यापुढे 2 मांडला. "नायट्रोजन जुळला. हायड्रोजन सहा लागले, म्हणून त्याच्यापुढे 3."

त्या दिवसापासून माझं डोकं फिरलं. सर तिला पुस्तकं देऊ लागले. माझेच सोबती कँटीनच्या रांगेत तिला गणितं विचारू लागले. घरी मी आंबट सूपला नावं ठेवायचो. ती वहीतून मान वर न काढता म्हणायची, "उद्या तू कर."

परीक्षेच्या आठवड्यात ती कामावर असताना सरांनी निरोप दिला, परीक्षा शनिवारी. मी घरी सांगितलं, "सोमवारी आहे."

पेपरात गंजाचं समीकरण आलं. लोखंडापुढे 4, ऑक्सिजनपुढे 3, गंजापुढे 2. तिच्या पद्धतीनेच सोडवलं आणि काठावर पास झालो.

सोमवारी सर कँटीनमध्ये आले. "शनिवारी आजारी होतीस का, बाई?"

संध्याकाळी तिने विचारलं, "सोमवार तूच सांगितलास ना?"

"हो."

"का?"

"सगळे तुझ्याकडेच बघत होते."

"मग तूही बघायचंस," ती म्हणाली आणि महिनाभर माझ्याशी बोलली नाही.

मीच सरांकडे जाऊन कबुली दिली. त्यांनी तिची परीक्षा वेगळी घेतली. पैकीच्या पैकी. शरद ऋतूत तिला कारखान्याच्या प्रयोगशाळेत घेतलं.

मी मुख्य ऑपरेटर झालो. रोज सकाळी प्रयोगशाळेतून तपासणीची चिठ्ठी येते, खाली तिची सही असते. चिठ्ठी वाचताना मला अजून तिचा हेवा वाटतो. तिला मी हे सांगितलंय. तिला ते आधीपासूनच ठाऊक होतं.