पुरं बोलू दे

बटण दाबलं की पंखा घुरघुरायचा, पुढचा हिरवा दिवा लागायचा आणि पडदा मात्र काळाठिक्कर. सकाळपासून तिचं हेच चाललं होतं. दाबायचं, डोळे लावून बसायचं, धीर सुटला की तेच बटण दाबून धरून बंद करायचं आणि देवाचं नाव घेऊन पुन्हा दाबायचं. देवही एव्हाना कंटाळला असणार.

एरवी त्या जुनाट कॉम्प्युटरसाठी कुणी रडलं नसतं. पण त्यात तिच्या नवऱ्याचा आवाज होता. घशातल्या गाठीबरोबर डॉक्टरांनी त्याची स्वरपेटीच काढून टाकली होती. ऑपरेशनच्या आधी तो रोज बाहेरच्या खोलीत टेबलाशी बसून त्याच्या माइकवर बोलायचा. 'भूक लागली', 'दार लाव', 'चष्मा कुठे ठेवलास', शिवाय शेजाऱ्यासाठी खास राखून ठेवलेल्या दोन शिव्या. आता त्याने टाइप करायचं आणि त्याच्याच आवाजात कॉम्प्युटरने बोलायचं, असं ठरलं होतं. आणि आज तो घरी येणार होता. धाकट्या दिराचा फोन येऊन गेला होता, "वहिनी, कागद झाले की निघतोच आम्ही."

आता हिची खोड सांगायला हवी. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की ही ते आपणच पुरं करून टाकायची. त्यातून नवरा म्हणजे सावकाश बोलणारा, शब्द शब्द तोलणारा. लग्नानंतर पहिल्याच सकाळी हिने विचारलं, "साखर किती?" तो "मला ना..." म्हणेपर्यंत हिने दोन चमचे टाकून ढवळलंही होतं. ते दोन चमचे आजतागायत चालू होते. "अगं, मला पुरं बोलू दे की," असं तो हसत म्हणायचा, आणि तेही निम्मंच बोलून व्हायचं.

बोलण्याचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, "या सगळ्याची एक प्रत दुसरीकडे..." त्यावर ही म्हणाली, "हो हो, ठेवते." काय ठेवायचं ते तिने ऐकलंच नव्हतं. आणि काल दवाखान्यात तिने त्याला सांगितलं, की तुझ्या पलंगाजवळ, खिडकीपाशी आणते सगळं. त्याने घाईघाईने पाटी ओढली आणि लिहिलं, 'पडद्याची वायर'. तेवढ्यावर ही म्हणाली, "माहितीये रे, हळूच काढते." त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पाटी बाजूला ठेवली.

दुपारी नणंद आली. ती लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होती, त्यामुळे हत्यारांची पिशवी खांद्यालाच. तिने बाजूचा पत्रा काढला, धूळ फुंकली, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासली आणि पुन्हा बसवली. बटण दाबलं. पंखा, दिवा, काळोख. दुकानात फोन केला, तर दुकानदार म्हणाला, डिस्क गेली असेल, आणि गेली असेल तर आतलं सगळं गेलं समजा.

ते ऐकून ही भिंतीला टेकून खाली बसली.

"मीच घालवला, ताई. चांगला चालला होता तिकडे. हलवायची काय अवदसा आठवली मला!"

"रडू नकोस. अजून कुठे काय झालंय?"

"काय व्हायचं राहिलंय? तो येईल, इथे बसेल, बोटं चालवेल, आणि... काय सांगू मी त्याला? तुझा उरलासुरला आवाजही मी घालवला म्हणून?"

नणंदेने खोलीभर पाहिलं. "स्पीकर कुठे आहे याचा?"

"तो जोडलाच नाही. इथे प्लग पुरत नव्हते."

"जोड. लिफ्ट बिघडली की मी आधी कान लावते. काही कुरकुरलं तर कळेल तरी. आणि या वेळी बटणाला हात लावायचा नाही. नुसतं थांबायचं."

मोबाइलचा चार्जर काढून तिने तिथे स्पीकर जोडला आणि नणंदेने बटण दाबलं. नुसतं थांबणं तिला जन्मात जमलं नव्हतं. तिने पदराचा बोळा मुठीत धरला. पंखा घुरघुरला, दिवा लागला. पडदा तसाच. बराच वेळ गेला. तिचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि नणंदेने तो धरून ठेवला.

"झालं का सुरू? बरं," स्पीकरमधून तो बोलला.

"दवाखान्यात जायच्या आधी हे सुरुवातीलाच लावून ठेवतोय. रोज आधी हे ऐकायचं. याला तुला मधे तोडता यायचं नाही, म्हणून एकदाचं सांगून घेतो."

म्हणजे सकाळपासून कॉम्प्युटर सुरूच होत होता. दर वेळी तो बोलायला आला होता आणि दर वेळी तिने बटण दाबून त्याचं तोंड बंद केलं होतं.

नणंद मागे वाकून बघत होती. "अगं, पडद्याची वायर वरच्या खोबणीत घातलीस तू! ती खालच्या कार्डात जाते, चित्र तिथूनच येतं. पडदाच तेवढा आंधळा होता, बाकी सगळं ठणठणीत आहे. थांब, बंद करून नीट..."

"हात लावू नका, ताई!"

स्पीकरमध्ये तो खोकला. मग काहीच नाही. बाहेर गाडी थांबली, दार वाजलं, दिराने हाक मारली. ती जागची हलली नाही.

"संपलं वाटतं त्याचं," नणंद हळूच म्हणाली.

"नाही संपलं. श्वास घेतोय तो," ती म्हणाली आणि तिने स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

"मला ना," तो म्हणाला, "चहात साखर लागत नाही."