फान महाशयांची शेवटची शाई

"कमळाची बोंडं वाळवून वाळवून फडताळ भरलं," घरकामाच्या वू मावशी माझ्यावरची धूळ फुंकता फुंकता पुटपुटल्या. "आणि जिला त्या बोंडांनी घासायची, ती बसलीय इथे कुजका वास मारत. पण बाईसाहेबांना सांगणार कोण?"

मित्रांनो, वास मारणारी ती मीच. मी एक जुनी सहाण आहे. चंदनाची नव्हे, शाईची. दक्षिणेतल्या एका नदीच्या तळाशी जांभळा दगड सापडतो, त्यातून मला घडवलं. कारागिराने पोटात लहानसा खळगा कोरला आणि फान महाशयांनी मला चीनमधल्या सूचौ शहरातल्या या घरात आणलं. तेव्हा त्यांची दाढी काळी होती.

रोज सकाळी ते माझ्यावर चमचाभर पाणी घालून शाईची कांडी उगाळत. घाई अजिबात नाही. हात गोल गोल फिरे आणि कापराचा वास खोलीभर होई. मग कधी बांबूचं चित्र, कधी मित्राला पत्र. संध्याकाळी ते मला कमळाच्या वाळक्या बोंडाने स्वतः घासत. हे काम नोकरांना सांगायचं नाही, असा त्यांचा दंडक. "हिला शिळं चालत नाही," ते म्हणत, "माझ्यासारखीच आहे." त्यावर त्यांची पत्नी शूजनबाई म्हणत, "तरी कालचा भात दोनदा मागून घेतलात."

शरद ऋतूत शेवंती फुलली की मित्र जमत. चहा होई, कुणी तंतुवाद्य छेडी आणि मग जोडकविता. पहिली ओळ यजमानाची, पुढची पाहुण्याची. नियम एकच, पण कडक. एका कागदाला एकच शाई, अगदी एकाच उगाळणीची.

त्या वर्षी महाशयांनी पहिली ओळ लिहिली: 'कुंपणापाशी शेवंती पिवळी, पाहुणा अजून वाटेत आहे.' दुसरी ओळ चुआंगभावजींची, म्हणजे त्यांच्या लहानपणापासूनच्या मित्राची. त्यांनी कुंचला उचलला, तोच दारात दरबारचा शिपाई उभा. दक्षिण सरहद्दीवर नेमणूक, आत्ताच्या आत्ता निघायचं. महाशय जोडे घालता घालता पत्नीला म्हणाले, "शाई राहू दे. आल्यावर कविता पुरी करू."

ते गेले आणि शाई राहिली.

शूजनबाई रोज सकाळी माझ्यात चमचाभर पाणी घालत, शाई सुकू नये म्हणून. एक वर्ष झालं, मग तीन, मग सहा. पत्रं दुसऱ्या वर्षीच थांबली होती. रस्ते खराब असतील, असं सगळे म्हणत. चुआंगभावजी दर शरदात येत, चहा घेत, कागदाकडे न बघता म्हणत, "फान आला की लिहीन, वहिनी. घाई काय आहे?"

मित्रांनो, दगडालाही हुरहूर लागते. मला कांडीचा तो गोल फेरा आठवे, बोंडाचं खरखरीत घासणं आठवे. माझ्या पोटात काय चाललंय ते मला कळत होतं. शाईतल्या काजळीला कागदावर धरून ठेवतो तो सरस, आणि सरस कुजतो. तुमच्याही घरात जपून ठेवलेल्या वस्तू असतील. त्यांना नुसतं जपू नका, वापरा. वापरून झालं की धुवा. न धुता जपलेलं आतून मरत असतं, आणि आम्हाला तोंड नसतं.

यंदा मात्र शूजनबाईंनी कागद चुआंगभावजींच्या पुढ्यातच मांडला. "तुमची ओळ लिहून टाका. तिसरी हे आल्यावर लिहितील."

"थंडी आहे वहिनी, बोटं वळत नाहीत."

"दरवर्षी 'फान आला की', आणि यंदा बोटं."

मग त्यांना लिहावंच लागलं. कुंचला माझ्यात बुडाला. सहा वर्षांनी कुंचला मला शिवत होता. त्यांनी अक्षरं सावकाश, सुरेख काढली: 'दिवा नको विझवू, वारा ओळखीचा आहे.' शूजनबाईंनी वाचलं, पुन्हा वाचलं. ओळ वाळली, तशी त्यांनी कागद उचलून हलकेच फुंकर घातली.

काळी पूड उडाली. थोडी त्यांच्या बाहीवर बसली, थोडी चहात पडली. कागदावर करडे डाग राहिले. वर महाशयांची ओळ मात्र काल लिहिल्यासारखी चकाकत होती.

"शाई ढवळायला हवी होती," शूजनबाई म्हणाल्या. "खाली बसली असेल. मी ढवळते, तुम्ही परत लिहा."

वू मावशी भिंतीकडे बघत राहिल्या. चुआंगभावजी उठले. त्यांनी फडताळातून कमळाचं एक बोंड घेतलं, पाण्याचा घडा ओढला आणि मला उचलून मांडीवर ठेवलं. शूजनबाईंनी त्यांचं मनगट घट्ट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही.

"वहिनी," ते माझ्याकडेच बघत म्हणाले, "फान गेला. दुसऱ्याच पावसाळ्यात, तिकडच्या तापाने. पत्र माझ्याकडे आलं होतं."